किरकोळ भाजल्यास घरी करावयाचे उपचार: आधी पाणी, मग कोरफड, आणि मधाविषयी थोडे सविस्तर

तव्याची कड बोटाला लागते, कुकरचे झाकण काढताना वाफ मनगटावर येते, फोडणीत ओल्या भाजीचे पाणी पडून तेल हातावर उडते. स्वयंपाक करणाऱ्या प्रत्येकाच्या हातावर असा एखादा जुना डाग असतोच. शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी घर सोडून पहिल्यांदाच स्वतःचे दोन घास शिजवू लागलेल्या मुलामुलींना तर हा अनुभव पहिल्या महिन्यातच येतो, आणि त्या क्षणी सल्ला द्यायला घरातील वडीलधारे माणूस जवळ नसते. हा लेख मुख्यतः त्यांच्यासाठी आहे. वनस्पतींचे आणि स्वयंपाकघरातील उपाय कोणते, ते कधी वापरायचे आणि कधी त्यांना हातही लावायचा नाही, एवढेच यात सांगितले आहे. उपायांच्या यादीपेक्षा त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे, कारण चांगला उपायही चुकीच्या वेळी केला तर जखम बिघडवतो.

आधी ठरवा: हे खरोखर किरकोळ आहे का?

त्वचा लाल झाली आहे, आग होते आहे, दाबल्यावर क्षणभर पांढरी पडून पुन्हा लाल होते आहे, फोड नाही किंवा एखादा लहानसा पाणफोड आहे, आणि भाजलेली जागा लहान आहे, तर त्याला किरकोळ म्हणता येते. मोजण्यासाठी एक सोपे माप लक्षात ठेवावे. ज्याला भाजले त्याच्या स्वतःच्या हाताचा पंजा, बोटांसकट, हा त्याच्या शरीराच्या पृष्ठभागाचा साधारण एक टक्का असतो. जागा त्यापेक्षा मोठी असेल तर घरगुती उपचारांचा विचार सोडून डॉक्टरांकडे जावे.

आकार लहान असूनही घरी थांबू नये, अशा काही जागा आणि काही माणसे आहेत. चेहरा, डोळ्यांचा परिसर, हाताचा किंवा पायाचा मोठा भाग, जननेंद्रिये आणि सांधे येथे भाजल्यास तपासून घेणे आवश्यक आहे. लहान मुले, वृद्ध, गरोदर स्त्रिया आणि मधुमेही यांची त्वचा आणि तिची भरून येण्याची शक्ती वेगळी असते, म्हणून त्यांच्याबाबत ‘बघू उद्या’ असे म्हणू नये. विजेचा धक्का बसून भाजले असेल तर बाहेरून फक्त एक ठिपका दिसतो आणि आतील इजा मोठी असू शकते. ॲसिड, शौचालय साफ करण्याचे द्रव किंवा चुना यांनी झालेली इजाही याच गटात येते. भाजलेली जागा पांढरी, चामड्यासारखी किंवा काळपट दिसत असेल आणि तरीही दुखत नसेल, तर ती दिलाशाची खूण मुळीच नाही. वेदना जाणवून देणाऱ्या नसाच तेथे जळालेल्या असतात. महाराष्ट्रात आणि गोव्यात १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. बंद खोलीत धूर छातीत गेला असेल तर अंगावर काही दिसत नसले तरी तो क्रमांक फिरवावा.

पहिली पायरी: वीस मिनिटे पाणी

भाजल्यानंतर चटक्याचे कारण दूर झाले तरी त्वचेत शिरलेली उष्णता लगेच जात नाही. ती काही काळ आतील थरांना भाजतच राहते. ही उष्णता बाहेर काढणे हे पहिले काम आहे, आणि त्यासाठी वाहत्या, गार पण बर्फासारख्या थंड नसलेल्या पाण्याइतका उपयोगी दुसरा पदार्थ घरात नाही. भाजलेला भाग नळाच्या बारीक धारेखाली पूर्ण वीस मिनिटे धरावा. वीस मिनिटे म्हणजे घड्याळात पाहून वीस मिनिटे. बहुतेक माणसे आग थोडी कमी झाली की दोन मिनिटांत हात बाजूला घेतात आणि मग इतर काही चोळत बसतात. गडबडीत हे आधी जमले नसेल, तरीही भाजल्यापासून तीन तासांपर्यंत पाण्याचा उपयोग होतो.

यात आपल्याकडच्या दोन अडचणी आहेत. पहिली उन्हाळ्याची. एप्रिल-मे महिन्यांत गच्चीवरील टाकीचे पाणी दुपारी अंघोळीच्या पाण्यासारखे कोमट, कधी चक्क कढत येते. अशा वेळी धार आधी दुसऱ्या, न भाजलेल्या हातावर घेऊन पाहावी आणि पाणी ऊन असेल तर माठातील किंवा पिंपातील पाणी तांब्याने हळूहळू ओतत राहावे. दुसरी अडचण टंचाईची. धार मिनिटाला दोन लिटर धरली तरी वीस मिनिटांना चाळीस लिटर पाणी लागते, आणि दिवसातून तासभर नळ येणाऱ्या घरात ते परवडत नाही. तेथे मोठ्या पातेल्यात स्वच्छ पाणी घेऊन हात बुडवून ठेवावा आणि पाणी कोमट झाल्यासारखे वाटले की बदलावे. बुडवता न येणाऱ्या भागावर ओल्या, स्वच्छ सुती कापडाच्या घड्या ठेवून त्या वरचेवर बदलाव्यात.

बर्फ थेट लावू नये. त्याने त्या भागातील रक्तवाहिन्या आकसतात, आधीच इजा झालेल्या त्वचेला रक्त कमी मिळते आणि भाजलेल्या जागी थंडीची दुसरी इजा होते. लहान मुलाला किंवा वृद्धाला पाण्याखाली धरताना फक्त भाजलेला भाग ओला करावा आणि बाकी अंग कोरड्या चादरीत गुंडाळून ठेवावे, नाहीतर अंग गार पडते.

पाणी सुरू असतानाच अंगठी, बांगड्या, घड्याळ, जोडवी आणि काळा दोरा काढून टाकावा. अर्ध्या तासात सूज चढू लागली की अंगठी निघत नाही आणि मग ती कापावी लागते. गरम तेल किंवा चहा सांडून कपडा भिजला असेल तर तो लगेच दूर करावा, कारण भिजलेले कापड उष्णता धरून ठेवते. मात्र नायलॉनसारखे कापड वितळून त्वचेला चिकटले असेल तर ते ओढू नये. त्यावरूनच पाणी सोडावे आणि दवाखाना गाठावा. साखरेचा किंवा गुळाचा पाक हातावर पडला तर तो चिकटून राहतो आणि पाण्यापेक्षा कितीतरी अधिक तापलेला असतो, म्हणून तो खरवडण्यात वेळ न घालवता त्याच्यावरच धार धरावी. गार झालेला पाक पाण्यात आपोआप विरघळतो.

टूथपेस्ट, हळद आणि बाकीचा ओटा

वीस मिनिटांच्या आत घरात हमखास कोणीतरी टूथपेस्ट घेऊन येते. टूथपेस्टमधील पुदिन्याच्या अर्काने गार वाटते खरे, पण ते केवळ वाटणे आहे. तिने त्वचेचे तापमान उतरत नाही, उलट वर थर बसल्याने उष्णता आत कोंडते आणि तिच्यातील फेस आणणारे पदार्थ नाजूक जागेला झोंबतात. तूप, लोणी आणि तेल यांचेही तेच; ताज्या चटक्यावर ते झाकणासारखे काम करतात.

हळदीबाबत लोक हळवे असतात, म्हणून दोन शब्द अधिक. हळदीतील द्रव्यांचा सूज कमी करण्याचा गुण प्रयोगशाळेत दिसला आहे, हे खरे. पण डब्यातील हळद निर्जंतुक नसते, तिच्यात भेसळ असू शकते, आणि ती लावल्यावर त्वचेचा खरा रंग दिसेनासा होतो. डॉक्टरांना जखमेची खोली तिच्या रंगावरून ठरवायची असते; पिवळ्या लेपाखाली ती ठरवता येत नाही, आणि मग तो लेप खरवडून काढताना रुग्णाचे जे हाल होतात ते ज्याने पाहिले आहेत तो पुन्हा हळदीचा डबा उघडत नाही. शाई, कॉफीची पूड, अंड्याचा पांढरा भाग, कांद्याचा रस, लिंबू, खाण्याचा सोडा, राख आणि माती यांपैकी काहीही लावू नये. मातीतून आणि शेणातून धनुर्वाताचे जंतू जखमेत जाऊ शकतात.

काही घरांत भाजलेले बोट पुन्हा विस्तवाजवळ धरून शेकण्याची रीत आहे. ती अडाणीपणातून आलेली नाही. सुश्रुतसंहिता या आयुर्वेदाच्या प्राचीन ग्रंथातील सूत्रस्थान या भागात भाजण्याचे प्लुष्ट, दुर्दग्ध, सम्यग्दग्ध आणि अतिदग्ध असे चार प्रकार सांगितले आहेत, आणि त्यांतील सर्वांत सौम्य अशा प्लुष्टाला शेक आणि उष्ण औषध द्यावे असे म्हटले आहे. इजेच्या खोलीनुसार उपचार बदलावा ही त्यामागील दृष्टी आजही तशीच मान्य आहे. शेकाचा सल्ला मात्र आज पाळू नये. गार पाण्याने इजा कमी खोल होते हे आता पुरेसे तपासले गेले आहे.

दुसरी पायरी: कोरफड

पाण्याखालून हात काढल्यावर तो स्वच्छ कापडाने टिपून कोरडा करावा, पुसू नये. आता जखम नीट पाहावी. त्वचा अखंड असेल, म्हणजे कोठेही सोललेली किंवा फुटलेली नसेल, तर कोरफड लावता येते. वनस्पतींच्या उपायांपैकी घरी करण्याजोगा आणि बऱ्यापैकी तपासलेला उपाय हाच. २००७ मध्ये चार चाचण्यांचा एकत्रित आढावा घेण्यात आला होता, आणि त्यात वरवरच्या भाजलेल्या जखमा कोरफडीने काही दिवस लवकर भरून आल्याचे दिसले. त्या चाचण्यांत वापरलेली तयारी आणि पद्धत एकसारखी नव्हती, म्हणून हा निष्कर्ष पक्का समजू नये. पण आग कमी होणे आणि त्वचा ओलसर राहणे एवढा लाभ तरी मिळतो.

कुंडीतील कोरफड वापरायची असेल तर घाई करू नये. झाडाच्या बाहेरील बाजूचे जाड, पूर्ण वाढलेले पान बुडापासून कापावे आणि कापलेले टोक खाली करून दहा-पंधरा मिनिटे पेल्यात उभे ठेवावे. त्यातून पिवळसर, कडू चीक गळतो. हा चीक सालीच्या लगेच आत असतो आणि त्याने अनेकांच्या त्वचेला खाज सुटते किंवा पुरळ येते. नवशिक्यांना कोरफड ‘मानवत नाही’ ती बहुधा याच चिकामुळे. चीक गळून गेल्यावर पान धुवावे, कडेचे काटे काढावेत, साल सोलून आतील पारदर्शक गर घ्यावा आणि तोही एकदा स्वच्छ पाण्याने धुवावा. हात आणि सुरी आधी साबणाने धुतलेली असावी, हे सांगायला हवे. पूर्वी कधी कोरफड लावली नसेल तर थोडा गर दुसऱ्या हाताच्या आतील बाजूस लावून थोडा वेळ थांबावे आणि खाज आली नाही तरच पुढे जावे.

गराचा पातळ थर दिवसातून दोन-तीन वेळा लावावा, चोळू नये. प्रत्येक वेळी ताजा गर घेणे उत्तम. उरलेला झाकून फ्रिजमध्ये ठेवला तरी दुसऱ्या दिवसानंतर टाकून द्यावा. बाजारातील हिरव्यागार, सुवासिक जेलमध्ये रंग, अत्तर आणि कधी अल्कोहोलही असते. चेहऱ्याच्या मुरुमांसाठी आणलेली ती बाटली भाजलेल्या जागी वापरू नये. फुटलेल्या फोडावर घरचा गरसुद्धा नको, कारण तो कितीही स्वच्छ दिसला तरी निर्जंतुक नसतो.

मध, बटाटा आणि केळीचे पान

मधाची गोष्ट आपल्या सोलापूरशी जोडलेली आहे. तेथील वैद्यकीय महाविद्यालयातील शल्यचिकित्सक डॉ. एम. सुब्रह्मण्यम यांनी १९९१ मध्ये वरवर भाजलेल्या १०४ रुग्णांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. निम्म्या रुग्णांच्या जखमांवर मधाची पट्टी आणि निम्म्यांच्या जखमांवर सिल्व्हर सल्फाडायझिन हे सर्वत्र वापरले जाणारे पांढरे मलम लावले होते. पंधरा दिवसांत मधाच्या गटातील ८७ टक्के जखमा भरल्या, मलमाच्या गटातील केवळ १० टक्के. पुढे २०१५ मध्ये जगभरच्या चाचण्यांचा आढावा घेतला गेला, तेव्हाही काही थरांपर्यंत भाजलेल्या जखमा नेहमीच्या पट्ट्यांपेक्षा मधाने साधारण चार-पाच दिवस आधी भरतात असे दिसले. मध दाट आणि आम्लधर्मी असतो, त्यात जंतूंना वाढता येत नाही, आणि जखम ओलसर राहिल्याने पट्टी काढताना नवी त्वचा सोलली जात नाही.

मात्र सोलापूरच्या आकड्यांकडे पाहताना हेही लक्षात घ्यावे की ज्या मलमाशी मधाची तुलना झाली ते मलमच जखम भरण्याचा वेग कमी करते, असे पुढील अभ्यासांतून दिसत गेले. म्हणून मध चांगला आहे, पण आकड्यांवरून वाटतो तेवढा चमत्कारी नाही. आणि याच कारणाने घरातील कपाटात वर्षानुवर्षे पडलेली त्या पांढऱ्या मलमाची ट्यूब किरकोळ चटक्यावर स्वतःच्या मनाने लावू नये; सल्फा औषधांची ॲलर्जी असणाऱ्यांनी तर नाहीच.

घरी मध वापरावा का? अखंड त्वचेवर त्याचा फारसा उपयोग नाही, तेथे कोरफड पुरते. फुटलेल्या फोडावर उपयोग आहे, पण तेथे बाटलीतील मध धोक्याचा, कारण त्यात काही जंतूंचे बीजाणू असू शकतात. वैद्यकीय वापरासाठी निर्जंतुक केलेल्या मधाच्या पट्ट्या मिळतात. डॉक्टरांना विचारून त्या घ्याव्यात. एक वर्षाखालील बाळाच्या जखमेला किंवा तोंडाला घरचा मध लावूच नये.

बटाट्याचेही असेच आहे. कच्च्या बटाट्याचा कीस चटक्यावर थापणाऱ्यांना वाटते की डॉक्टरांनीही बटाटा वापरला आहे, आणि ते अर्धे खरे आहे. मुंबईत डॉ. एम. एच. केसवानी यांनी १९८५ मध्ये बटाट्याच्या सालीच्या पट्टीचा अनुभव प्रसिद्ध केला होता. पण ती साल उकडलेल्या बटाट्याची होती, पट्टीवर चिकटवून निर्जंतुक केलेली होती, आणि तिचे काम जखमेला ओलसर, न चिकटणारे आवरण देणे हे होते. पुढे शीवच्या रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी केळीच्या पानाची तशीच निर्जंतुक पट्टी वापरून पाहिली. ती बटाट्याच्या सालीइतकीच उपयोगी आणि तिच्याहून स्वस्त ठरली. महागड्या पट्ट्या न परवडणाऱ्या रुग्णांसाठी केलेले हे काम फार मोलाचे आहे. ओट्यावरचा कीस म्हणजे ते नव्हे. त्यात माती आणि जंतू येतात आणि वाळल्यावर तो जखमेला घट्ट चिकटतो.

तिसरी पायरी: झाकणे आणि फोड सांभाळणे

लालसर, अखंड जागा उघडी ठेवली तरी चालते. फोड आलेला असेल तर तो सुईने फोडू नये. त्याची साल हीच जखमेची सर्वांत स्वच्छ पट्टी असते. औषधाच्या दुकानात पॅराफिन गॉज, म्हणजे मेणचट पॅराफिन लावलेली, जखमेला न चिकटणारी जाळीदार पट्टी मिळते. ते ठेवून वर साधे गॉज सैल बांधावे. ते नसेल तर पेट्रोलियम जेलीचा पातळ थर आणि त्यावर न चिकटणारी पट्टी पुरते. कापूस थेट ठेवू नये, त्याचे तंतू जखमेत अडकतात. पट्टी रोज, किंवा ओली अथवा मळकी झाल्यास लगेच बदलावी. फोड आपोआप फुटला तर पाण्याने आणि सौम्य साबणाने जागा हलकेच धुऊन पुन्हा पट्टी करावी.

दुखणे फार असेल तर मोठ्या माणसाने पॅरासिटामॉलची ५०० मिलिग्रॅमची गोळी घ्यावी आणि दुसरी किमान चार ते सहा तासांनी. यकृताचा आजार असल्यास आधी विचारावे. धनुर्वाताची लस घेऊन पाच वर्षांहून अधिक काळ झाला असेल आणि त्वचा फुटली असेल तर ती पुन्हा घ्यावी का, हे डॉक्टरांना विचारावे.

पुढचे दिवस

नुसती लालसर जागा आठवड्याभरात बरी होते आणि त्वचेची पातळ पापुद्री निघते. फोड आलेली जागा साधारण दोन आठवडे घेते. लाली कडेने पसरू लागली, पू आला, वास येऊ लागला, ताप आला किंवा कमी होत आलेले दुखणे पुन्हा वाढले, तर जंतुसंसर्ग झाला असे समजून त्याच दिवशी दाखवावे. दोन आठवड्यांत जखम भरली नाही तरी दाखवावे, कारण ती वाटली त्यापेक्षा खोल होती. दुचाकीच्या सायलेन्सरचा पोटरीला बसलेला चटका बहुतेक वेळा असाच फसवा निघतो: आकाराने रुपयाएवढा, पण तापलेला धातू दाबून बसल्याने खोल.

त्वचा पूर्ण भरून आल्यावर खोबरेल तेलाची पाळी येते. कोकणात आणि गोव्यात ते सर्वांत आधी लावले जाते. ते सर्वांत शेवटी लावावे. नवी त्वचा कोरडी आणि खाजरी असते, तिला दिवसातून दोनदा थोडे खोबरेल हलक्या हाताने लावल्यास आराम पडतो. शतधौत घृत, म्हणजे तांब्याच्या भांड्यात पाण्याने शंभर वेळा धुऊन लोण्यासारखे मऊ पांढरे केलेले तूप, हेही या टप्प्यावर उत्तम. घरी केलेल्या घृतात पाणी राहून ते खराब होऊ शकते, म्हणून थोडेच करावे आणि लवकर संपवावे. भरून आलेली जागा काही महिने उन्हापासून झाकावी. तिच्यावर ऊन पडले तर डाग काळा पडून दीर्घकाळ राहतो. शेतात, बाजारात किंवा दुचाकीवर जाताना पूर्ण बाहीचा सुती सदरा घालणे हा त्यावरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे.